मिश्र थव्याची नोंदवही : नोव्हेंबर ते फेब्रुवारी

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या मागच्या अंगणात सध्या दहा बदके आहेत: पाच खाकी कॅम्पबेल (चार माद्या व एक नर), तीन रनर माद्या आणि दोन पांढरी पेकिन. कॅम्पबेल दोन वर्षांपासून आहेत. बाकीची मंडळी गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस आली. तिन्ही जाती एकत्र नांदतील का, हा प्रश्न मी आरंभी जातिस्वभावाचा समजत होतो. चार महिन्यांच्या नोंदी पुन्हा वाचताना मात्र असे दिसते की, बहुतेक भांडणे पाण्याच्या भांड्यावरून आणि नरांच्या संख्येवरून झाली. जातीचा संबंध आला तो वजनापुरता. एरवी ही तिन्ही कुळे एकाच रानबदकाची, म्हणजे मॅलार्डची, वंशज आहेत. शिवाय कॅम्पबेल ही जात इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार केली, तीच मुळी रनरच्या रक्तातून. त्यामुळे आमच्याकडे नांदायला आलेल्या रनर या एका अर्थी घरच्याच.

पहिले तीन आठवडे नवी बदके गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत वेगळी ठेवली. रोज आधी जुन्यांचे खाणेपिणे उरकायचे आणि मगच वर जायचे, हा क्रम एकदाही मोडला नाही. एका रनरची विष्ठा दोन दिवस पातळ होती, ती आपोआप सुधारली. त्याखेरीज या काळात नोंदवण्यासारखे काही घडले नाही.

त्यानंतर बारा दिवस अंगणात मधोमध जाळी लावून दोन्ही गट समोरासमोर ठेवले आणि खाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना अगदी लगत मांडली, म्हणजे शेजाऱ्याकडे पाहत जेवण्याची सवय व्हावी. पहिली एकत्र भेट मुद्दाम संध्याकाळी आणि दोन्ही गटांना सारख्याच अनोळखी असलेल्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर घडवली. कॅम्पबेल नराने मान जमिनीसरशी ताणून एका पेकिनवर चाल केली. दोघांनी छातीला छाती लावून रेटारेटी केली, एकमेकांच्या खांद्याजवळची पिसे चोचीत धरली आणि अर्ध्या मिनिटात पेकिनने पाठ फिरवली. अशा वेळी मध्ये पडण्याचा मोह होतो, पण पाठ फिरवलेल्याचा पाठलाग थांबत असेल तर पडू नये, असे माझे मत झाले आहे. रक्त दिसले किंवा एखाद्या बदकाला खाण्यापाण्यापर्यंत पोहोचूच दिले जात नसेल, तरच त्रास देणाऱ्याला बाजूला काढावे. पीडिताला वेगळे काढले, तर परतताना त्याला पुन्हा नवखे व्हावे लागते.

खरी अडचण डिसेंबरात आली. रनर माद्यांपैकी एकीच्या डाव्या डोळ्यात फेस येऊ लागला आणि नाकपुड्यांवर भरड्याचा थर वाळून बसला. रोगाची शंका घेऊन मी औषधाच्या विचारात होतो. मात्र सकाळी अर्धा तास पायरीवर बसून पाहिल्यावर कारण उघड झाले. पाण्याचे घमेले एकच होते आणि ते भिंतीच्या कोपऱ्यात होते. पेकिन त्याच्या तोंडाशी बैठक मारत; साडेतीन किलोचे ते धूड ओलांडून जाणे दीड किलोच्या रनरला शक्य नव्हते. तिला चोच भिजवण्यापुरते पाणी मिळे, पण डोके बुडवता येत नसे. आणि बदकाने डोके पूर्ण बुडवले नाही, तर त्याचे डोळे व नाक स्वच्छ राहत नाहीत. त्याच दिवशी घमेले कोपऱ्यातून काढले आणि तीन तगाऱ्या अंगणाच्या तीन बाजूंना, चारही दिशांनी जाता येईल अशा मांडल्या. प्रत्येकीत वीतभर पाणी. मिठाच्या कोमट पाण्याने डोळा दोनदा पुसला आणि चार दिवसांत तो निवळला. नळाला रोज पाणी येत नसलेल्या आपल्या गावात तीन तगाऱ्या म्हणजे चैन वाटेल; म्हणून सांगतो की, पहिले गढूळ पाणी शेवग्याला, दुसरे केळीला जाते आणि त्याबद्दल झाडांची तक्रार नाही.

खाण्याचीही दोन ठिकाणे केली. ज्वारीचा भरडा, गव्हाचा कोंडा, लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य) आणि चिरलेला शेवग्याचा पाला असे मिश्रण ओलसर करून देतो, कारण कोरडे पीठ बदकाच्या घशात चिकटते. आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड सहज मिळते आणि शेजारच्या काकूंनी प्रेमाने एक डबा भरून दिलीही होती, पण ती मी वापरली नाही. अशा पेंडीवरील बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन हे विष बदकांना कोंबड्यांपेक्षा कितीतरी अधिक बाधते; 1960 साली इंग्लंडमध्ये अशाच दूषित पेंडीने हजारो टर्की पक्षी आणि बदकांची पिल्लेही दगावली.

आता नरांविषयी. विक्रेत्याने पेकिनची ‘जोडी’ म्हणून दिली होती, त्यामुळे घरात त्यांचे नामकरण राजा आणि राणी असे झाले. मादीचा आवाज दोन महिन्यांच्या आसपास खणखणीत फुटतो. राणीचा घोगराच राहिला आणि संक्रांतीच्या सुमारास तिच्या शेपटीवर नराची खूण असलेले वर वळलेले पीस दिसले. आई अजूनही त्याला राणीच म्हणते. म्हणजे सात माद्यांमागे तीन नर झाले, जेथे चार-पाच माद्यांमागे एक हे प्रमाण बरे. जानेवारीच्या शेवटी दोन कॅम्पबेल माद्यांच्या मानेमागची पिसे गेली आणि अंडी दिवसाला पाचांवरून तिनांवर आली. दोन किलोच्या मादीवर साडेतीन किलोचा नर चढणे, तेही वारंवार, हे तिच्या पाठीला आणि पायांना झेपणारे नाही. दोन्ही पेकिन मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वेगळे केले. जाळीतून माद्या दिसत होत्या तोवर ते आपसांत भांडत राहिले. मध्ये जुनी सोलापुरी चादर टांगली आणि तिसऱ्या दिवशी दोघे एकाच सावलीत झोपलेले आढळले. अंडी पुन्हा पाचांवर आली आहेत, मानेवर नवी पिसे फुटत आहेत.

याच सुमारास होटगी रस्त्याकडील एका स्नेह्यांनी मस्कोव्ही नर देऊ केला होता. त्यांना नम्रपणे नकार दिला. मस्कोव्ही हे निराळ्याच प्रजातीचे, मूळचे दक्षिण व मध्य अमेरिकेतील बदक. त्याचा नर पाच किलोंपर्यंत भरतो, पायाला तीक्ष्ण नख्या असतात, अंडी अठ्ठावीसऐवजी पस्तीस दिवसांनी फुटतात आणि इतर बदकांशी झालेली संकरित संतती वांझ निघते. राणीच्या प्रकरणानंतर आणखी एक अवजड नर घेण्याइतका मी धीट नाही.

रनरचा घाबरटपणा मात्र जातीचाच आहे, हे मान्य करावे लागेल. मांजर भिंतीवर आले की तिघी एकाच वेळी एकाच दिशेने धावतात आणि वाटेतल्या कॅम्पबेलना तुडवतात. त्यामुळे रात्रीच्या खुराड्याला समोरासमोर दोन दारे केली आणि संध्याकाळी आधी रनर, मग कॅम्पबेल असा आत घेण्याचा क्रम ठेवला. दारातील चेंगराचेंगरी त्याने थांबली.

उन्हाचा तडाखा आताच जाणवू लागला आहे. दुपारी दोनच्या सुमारास कडुनिंबाची सावली जेमतेम चार बदकांपुरती उरते आणि तेथे पुन्हा घमेल्यासारखीच रेटारेटी चालते. पारा चाळिशी ओलांडण्यापूर्वी दोन ठिकाणी हिरव्या जाळीचे मांडव हवेत. जाळी आणून ठेवली आहे, बांबू अद्याप मिळालेले नाहीत.