चहादाणीच्या तळावरची चार अक्षरे

दोन वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या बाजारात मी व्हिक्टोरियन काळातील एक चहादाणी विकत घेतली. तिचा एक पाय डुगडुगत होता, म्हणून चांदीकाम करणाऱ्या एका कारागिराकडे ती नेऊन दिली. त्याने नेहमीच्या सवयीने डाक, म्हणजे धातूचे तुकडे जोडणारा वितळवलेला धातू, लावण्यासाठी ज्योत धरली आणि पाहता पाहता तो नक्षीदार पाय वितळून त्याची वाटाण्याएवढी गोळी झाली. चहादाणीच्या तळावर ‘ईपीबीएम’ ही चार अक्षरे ठसठशीत उमटलेली होती, पण ती त्यानेही वाचली नाहीत आणि मीही नाही.

चांदीचा विजेने दिलेला मुलामा आणि त्याखाली ब्रिटानिया धातू, असा या अक्षरांचा अर्थ. ब्रिटानिया धातू म्हणजे साधारण ९२ टक्के कथील, त्यात थोडे अँटिमनी आणि किंचित तांबे. आपल्याकडचा कल्हईवाला ज्या कथलाचा पातळ हात तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून देतो, जवळपास त्याच कथलाचे हे अख्खे भांडे. ते अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते, तर चांदीच्या डाकेला सहाशेहून अधिक अंश लागतात; मग पायाचे दुसरे काय होणार?

हा धातू शेफिल्डमध्ये १७७० च्या सुमारास जेम्स व्हिकर्स याने बाजारात आणला. त्याचे पातळ पत्रे लाटता येत आणि ते फिरत्या लाकडी साच्यावर दाबून हवा तो आकार देता येई, त्यामुळे चांदी न परवडणाऱ्या घरांतही चहाचे देखणे संच पोहोचले. पुढे १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विद्युत मुलाम्याचे पेटंट घेतले आणि या कथलावर चांदी चढू लागली. ‘ईपीएनएस’ हा ठसा मात्र निराळा. त्यात मुलाम्याखाली तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू असतो, ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो आणि ज्यात चांदीचा कणही नसतो. ते भांडे टिचकी मारल्यावर खणखणते, माझी चहादाणी मात्र नुसती ‘ठक्’ करते.

मुठीजवळ आणि पोटाच्या फुगीर भागावर तिची चांदी झिजून खालचा निळसर करडा धातू दिसतो. नवा मुलामा देण्याचा सल्ला अनेकांनी दिला, परंतु शंभरेक वर्षे रोज कोणाचा तरी हात नेमका कुठे लागत होता हे त्या करड्या डागांवरूनच कळते, आणि ते पुसून टाकण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. दर आठवड्याला पॉलिश लावून घासणेही मी सोडले आहे, कारण प्रत्येक वेळी थोडी चांदी फडक्यावरच जाते.

नवा पाय अखेर कथलाचे काम जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी, मंद आचेवर वितळणारी डाक वापरून, बसवून दिला. त्यांची मजुरी चहादाणीच्या किमतीच्या दुप्पट झाली.