ओहोटीला उघडं पडलेलं दहावीचं पुस्तक

आज मालवणला ओहोटीच्या वेळी भाचीला घेऊन खडकांवर गेले होते, तिला दहावीला 'प्राण्यांचे वर्गीकरण' आहे आणि ती नुसतं पाठ करतेय संधिपाद (सांध्यांच्या पायांचे), मृदुकाय (शिंपल्यांसारखे मऊ अंगाचे), कंटकचर्मी (काटेरी कातडीचे, जसा तारामासा). म्हटलं चल, बघूनच घे.

खडकाला चिकटलेले ते पांढरे खरखरीत, पाय कापणारे बार्नेकल्स आहेत ना, ते शिंपल्यांचे भाऊबंद वाटतात पण आहेत खेकडा-कोळंबीच्या कुळातले, म्हणजे संधिपाद! कवच बघून मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही त्यांना मृदुकायातच टाकलं होतं, थॉम्पसन नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने त्यांची पोहणारी पिल्लं बघून 1830 मध्ये ते छापलं तेव्हा कुठे खरं कूळ कळलं. डबक्यात एक पाण्याखाली होता, वरची झाकणं उघडून पिसासारखे पाय बाहेर काढायचा, परत आत. भाची दहा मिनिटं हललीच नाही तिथून.

मग तारामासा. वरून बघितला तर समुद्रफुलासारखाच गोल मांडणीचा, म्हणजे अरीय सममिती, पण त्याची अळी मात्र आपल्यासारखी डावी-उजवी सारखी असते, गोल आकार नंतर येतो. आणि गर्भात आधी गुदद्वार तयार होतं, तोंड नंतर, अगदी आपल्यासारखंच, त्यामुळे तो खेकड्यापेक्षा आपल्याला जवळचा नातेवाईक आहे, मला तर हे प्रचंड भारी वाटतं!

कोकणातल्या शाळांनी हा धडा किनाऱ्यावरच शिकवावा असं मनापासून वाटतं. फक्त उलटवलेले दगड परत होते तसे ठेवा प्लीज, खाली कोणीतरी राहत असतं.