चर्चगेट ते काळाचौकी, व्हाया झडप

मामा भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. सुरुवातीची वर्षं वाफेच्या इंजिनांवर गेली, नंतर डिझेल आलं. डिझेलबद्दल ते फारसं बोलत नाहीत. मुंबईला आले की एक दिवस मला रजा टाकायला लावतात आणि स्वतःच कार्यक्रम ठरवतात. या खेपेचं फर्मान असं होतं, की शहरात वाफेच्या इंजिनाच्या ज्या खुणा उरल्यात त्या बघायच्या, आणि नुसत्या बघायच्या नाहीत, तर सिलिंडरपाशी उभं राहून बघायच्या.

"लोक चिमणीबरोबर फोटो काढतात," मामा म्हणाले. "चिमणीत काय असतं? धूर. बॉयलर म्हणजे नुसती चूल. अक्कल सगळी सिलिंडरात आणि व्हॉल्वमध्ये, म्हणजे वाफेच्या झडपेत."

सुरुवात चर्चगेटला केली. स्टेशनला लागून पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयाची इमारत आहे, तिच्यासमोर लाल रंगाचं एक छोटं नॅरोगेज इंजिन उभं असतं. 'लिटल रेड हॉर्स'. १९२८ मध्ये इंग्लंडच्या कर स्टुअर्ट कंपनीने बांधलेलं. पंजाबातल्या ढिलवानला लाकडी स्लीपरांना क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून लावायचं तेल) पाजण्याचा रेल्वेचा कारखाना होता, तिथे याने हमाली केली. लाखो लोक रोज त्याच्यासमोरून ऑफिस गाठतात. आम्ही थांबलो तेव्हा दोन कॉलेजकुमार त्याला टेकून मोबाईल बघत होते.

मामा थेट खाली वाकले. सिलिंडरच्या पोटाशी, दोन्ही टोकांना, ड्रेन कॉक असतात. तिकडे बोट दाखवून मला म्हणाले, "हे कशासाठी सांग."

लहानपणी स्टेशनात इंजिन सुटताना दोन्ही बाजूंनी फस्सकन वाफेचे फवारे सुटायचे ते आठवतं का? ती या कॉकची करामत. थंड सिलिंडरात गरम वाफ शिरली की तिचं पाणी होतं. पाणी काही दाबलं जात नाही. पिस्टन, म्हणजे आत मागेपुढे सरकणारा दट्ट्या, टोकाला पोचला आणि आत वाटीभर पाणी असलं तर सिलिंडरचं झाकणच उडतं. म्हणून आधी कॉक उघडून पाणी बाहेर काढायचं आणि मग गाडी हलवायची. मामांच्या लेखी वाफेच्या इंजिनाचा दोनशे वर्षांचा इतिहास या एका कॉकपाशी उभं राहून सांगता येतो, आणि त्यांनी तो सांगितलाच. कॉलेजकुमार मोबाईल खिशात ठेवून ऐकायला लागले.

न्यूकोमेनचं १७१२ चं इंजिन सिलिंडरातच थंड पाणी फवारून वाफ आटवायचं, म्हणजे तिचं पुन्हा पाणी करायचं. म्हणजे प्रत्येक फेरीला अख्खा ओतीव सिलिंडर थंड करायचा आणि पुन्हा तापवायचा. कोळसा पिस्टन ढकलण्यापेक्षा लोखंड तापवण्यातच जास्त जायचा. जेम्स वॉटने १७६९ च्या पेटंटमध्ये वाफ आटवायचं काम वेगळ्या भांड्यात नेलं. पण सिलिंडर आतून वाकडातिकडा असेल तर पिस्टनच्या कडेने वाफ पळणारच. ते दुखणं जॉन विल्किन्सनच्या बोअरिंग मशीनने, म्हणजे सिलिंडर आतून कोरून काढणाऱ्या यंत्राने, बरं केलं. पन्नास इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकासुद्धा फरक सापडत नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टन लिहून गेलाय. आजच्या मोजमापाने ते ढिसाळच म्हणायचं, पण त्यावाचून वॉटचं इंजिन कागदावरच राहिलं असतं.

पाणी होण्याचा रोग मात्र तेवढ्याने गेला नाही. दहा बार दाबाची (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) वाफ साधारण १८० अंश सेल्सिअसला असते, काम करून बाहेर पडते तेव्हा शंभरच्या आसपास. सिलिंडरची भिंत दर फेरीला या दोन्ही टोकांमध्ये हेलकावे खाते. नवी वाफ आली की तिचा काही हिस्सा काम करण्याआधीच भिंतीवर घाम होऊन बसतो. पुढची शंभरेक वर्षं इंजिनियर लोक या घामाशीच झगडत होते.

चर्चगेटहून हुतात्मा चौक, काळा घोडा करत चालत लायन गेटला गेलो. आत नौदलाची गोदी, तेव्हा प्रवेशाचा प्रश्नच नाही. भिंतीबाहेर उभं राहून समाधान मानायचं. फोटो काढायच्या भानगडीत पडू नका, पहारेकरी लगेच हटकतात.

याच गोदीत १८२९ मध्ये वाडिया घराण्यातल्या नवरोजी जमशेटजींनी 'ह्यू लिंडसे' ही आगबोट बांधली. २० मार्च १८३० ला ती सुएझकडे निघाली. आत ऐंशी ऐंशी अश्वशक्तीची दोन इंजिनं. बोटीत कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा आणि एडनपर्यंतचा प्रवास अकरा दिवसांचा. मग काय, उतारूंच्या केबिनीत, दिवाणखान्यात, जिथे मिळेल तिथे कोळसा भरला. एडनला पोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा शिल्लक होता.

तेव्हाच्या बोटींत बॉयलरचा दाब अगदीच किरकोळ असायचा. पिस्टनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाफ सोडतच राहायची आणि मग ती फेकून द्यायची, असा उधळा कारभार. इथे मला मुंबईचं गणित दिसायला लागलं. कोळसा ना कोकणात ना देशावर. एकोणिसाव्या शतकात इथला बराच कोळसा इंग्लंडहून जहाजाने यायचा. मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला कोळसा दाराशी, मुंबईच्या गिरणीवाल्याला अर्ध्या जगापलीकडून. वाफेची उधळपट्टी तिथे परवडेल, इथे नाही.

गोदीच्या भिंतीपाशी आणखी एक नाव घ्यायला हवं. अर्देसर करसेटजी वाडिया. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झालेले पहिले भारतीय, आणि पुढे मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनियर. गोऱ्या कारागिरांच्या वर एक 'नेटिव्ह' साहेब, ही त्या काळातली केवढी मोठी गोष्ट! शाळेत आम्हाला त्यांचं नाव कुणी सांगितलं नाही.

परत चर्चगेटला येऊन स्लो लोकलने महालक्ष्मी, तिथून वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. मुलांच्या सहली आतल्या प्रयोगांकडे धावतात. बाहेरच्या बागेत रेल्वेचं जुनं इंजिन, ट्राम, विमान आणि वाफेवर चालणारी लॉरी आहे. ऊन मी म्हणत होतं. मामांनी डोक्यावर रुमाल टाकला आणि जवळच्या सावलीत बसून माझ्या वहीत स्लाईड व्हॉल्व काढून दाखवला.

एक चपटी पेटी, उपडी ठेवलेली. ती सिलिंडरच्या तोंडावर मागेपुढे सरकते. एका बाजूने वाफ आत सोडते, दुसऱ्या बाजूची वापरलेली वाफ स्वतःच्या पोटाखालून बाहेर काढते. वॉटच्या कारखान्यातल्या विल्यम मर्डॉकने १७९९ च्या सुमारास ती बसवली. स्वस्त, साधी, कुणालाही दुरुस्त करता येणारी. खोड एवढीच, की वरून वाफेचा सगळा दाब तिच्या पाठीवर. वीस बाय पंचवीस सेंटिमीटरची पेटी धरा, दाब दहा बार, म्हणजे पाठीवर सुमारे पाच टन. एवढं ओझं घेऊन ती मिनिटाला शेकडो वेळा घासत राहणार. म्हणून पुढे पिस्टन व्हॉल्व आले. त्यात दाब दोन्हीकडून सारखा पडतो आणि घासणं कमी होतं. वाफ आणखी तापवून कोरडी करायची सुपरहीटची पद्धत आली तेव्हा तर चपट्या व्हॉल्वचं तेलच टिकेना. मग पिस्टन व्हॉल्वला पर्याय उरला नाही.

"आता खरी मेख," म्हणत मामांनी पेटीच्या कडा पेन्सिलने थोड्या बाहेर वाढवल्या. याला लॅप म्हणतात. कडा जितकी लांब तितकं वाफ आत जायचं भोक लवकर बंद होतं. पिस्टन पाव अंतर सरकला की वाफेचा पुरवठा तोडायचा, उरलेलं पाऊण अंतर आतली वाफ फुगत फुगत त्याला ढकलते. मी घरी येऊन हिशेब केला. आदर्श परिस्थितीत, बाहेरचा उलटा दाब न धरता, पाव अंतराला वाफ तोडली तर तेवढ्याच वाफेतून जवळपास २.४ पट काम मिळतं. प्रत्यक्षात मघाचा तो घाम आडवा येतो, पण तरी फायदा मोठाच.

मग हे सगळ्यांनी पहिल्याच दिवशी का नाही केलं? कारण वाफ लवकर तोडायची तर व्हॉल्व कमी सरकतो, तो कमी सरकला की भोक पुरतं उघडत नाही आणि अरुंद फटीतून जाताना वाफेचा दाब वायाच जातो. उपाय म्हणजे लॅपही लांब आणि व्हॉल्वची धावही लांब. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेत तिथल्या मुख्य इंजिनियर चर्चवर्डने हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केलं होतं. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेला ते पटायला १९२५ उजाडलं. दोन्ही कंपन्यांनी इंजिनं अदलाबदल करून चाचण्या घेतल्या, ग्रेट वेस्टर्नच्या छोट्या इंजिनाने कमी कोळशात काम केलं. मग लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नच्या मुख्य इंजिनियर ग्रेस्लीने आपल्या मोठ्या इंजिनांचा लॅप सव्वा इंचावरून एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच केला. मैलामागे पन्नास पौंडांच्या घरातला कोळसा चाळीसवर आला. बॉयलर तोच, चाकं तीच.

त्याच १९२५ च्या ३ फेब्रुवारीला आपल्याकडे व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल सुरू झाली होती. हे मी मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू मध्ये मध्ये बोलू नको."

व्हॉल्व सेटिंग हे त्यांचं स्वतःचं काम, त्यामुळे तिथे ते रमले. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेरीत चार ठोके देतं. चारही सारखे पडले तर सेटिंग बरोबर. एखादा उशिरा किंवा हलका पडला की शेडमधले म्हणायचे, 'लंगडतंय'. अनुभवी फिटर गाडी यार्डात शिरतानाच सांगायचा, की कुठल्या बाजूचा व्हॉल्व, पुढचा की मागचा. मामांनी जिभेने ठोके वाजवून दाखवले, आधी बरोबर, मग लंगडे. फरक मलाही कळला. बाजूने चाललेल्या सहलीतल्या मुलांनी लगेच ताल धरला आणि त्यांच्या बाईंनी आमच्याकडे रागाने पाहिलं.

टॅक्सीने लालबाग. भजी आणि कटिंग झाल्यावर काळाचौकीकडे चालत. गिरण्यांच्या जागी टॉवर आलेत हे सांगायला नको. काही बंद गिरण्यांच्या भिंती अजून आहेत, एखादी चिमणी दिसते. आत सोडत नाहीत.

मुंबईची पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. गिरणीचं इंजिन म्हणजे रेल्वेपेक्षा वेगळा प्राणी. एका जागी ठाण मांडून बसलेलं, अवाढव्य फ्लायव्हील, त्यावरून दोर मजल्यामजल्यावरच्या शाफ्टला गती देणार. वेग जरा हलला की सूत तुटलं. अशा ठिकाणी अमेरिकेच्या जॉर्ज कॉर्लिसची झडप शोभायची, १८४९ च्या पेटंटची. त्याने सिलिंडरला एकाऐवजी चार झडपा दिल्या. गरम वाफ आत यायला दोन, थंडावलेली बाहेर जायला दोन. एकाच वाटेने गरमागरम आत आणि गारठलेली बाहेर, हा घामाचा मोठा स्रोत तिथेच बंद. शिवाय आत सोडणारी झडप खटक्यावर. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, ठरवेल त्या क्षणी खटका सुटतो आणि झडप फाटकन मिटते. भार वाढला तर वाफ जरा उशिरा तुटते, कमी झाला तर लवकर. वाटेत अडवून वाफेचा दाब मुळीच घालवायचा नाही. कॉर्लिस म्हणे काही गिऱ्हाइकांकडून इंजिनाची किंमत वाचलेल्या कोळशातून वसूल करायचा. असा आत्मविश्वास हवा!

खटक्याला घाई सोसत नाही, वेग वाढला की तो मागे पडतो. म्हणून रेल्वेत कॉर्लिस रुजला नाही. १९०८ च्या सुमारास जर्मनीच्या स्टुम्पफने युनिफ्लो इंजिन पुढे आणलं. वाफ दोन्ही टोकांनी आत येते आणि सिलिंडरच्या मधोमध कोरलेल्या भोकांतून बाहेर पडते. भोकं उघडतो खुद्द पिस्टन. टोकं कायम गरम, मध्य कायम थंड. माझ्या मते या सगळ्यातली ही सर्वांत देखणी कल्पना. मामांना ती आवडत नाही. पिस्टन लांबलचक आणि जड होतो, आणि परतीच्या धावेत उरलेली वाफ फार दाबली जाते, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही आक्षेप खरे आहेत. त्यांचा देव आंद्रे शापलों. या फ्रेंच माणसाने १९२९ मध्ये जुन्या इंजिनाचे वाफेचे रस्तेच रुंद आणि गुळगुळीत केले, सुपरहीट वाढवला, आणि दोन हजार अश्वशक्तीचं इंजिन तीन हजारांवर नेलं.

१९१५ मध्ये टाटांची खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. घाटावर पडणारा पाऊस तारेतून परळला आला आणि बोटीने येणाऱ्या कोळशाचा प्रश्न मुळातूनच सुटला. मी मामांना डिवचलं, "एवढं करूनही रेल्वेचं वाफेचं इंजिन कोळशातली सहा-आठ टक्केच शक्ती चाकापर्यंत न्यायचं ना?"

"शापलोंने बारापर्यंत नेली," मामा म्हणाले. "लोक थांबले नाहीत. आपण काय करणार?"

कॉटन ग्रीनला हार्बरची गाडी मिळाली, बसायला जागासुद्धा. पुढच्या खेपेला नेरळ, असं मामांनी परस्पर जाहीर केलंय. माथेरानच्या जुन्या ओरेनस्टाइन अँड कोपेल इंजिनांचे ॲक्सल वळणावर चाकांना वळू द्यायचे, ते त्यांना मला समजावून द्यायचंय. रजेचा अर्ज आत्ताच टाकावा लागणार.