आईच्या यादीतली कोरी तारीख

आईच्या बायबलच्या मागच्या कोऱ्या पानांवर एक यादी आहे. तारीख आणि पुढे एकच ओळ. ‘फी भरली गेली.’ ‘ताप उतरला.’ ‘काम मिळालं.’ ती गेल्यावर मी ती यादी एका वहीत उतरवून घेतली आणि वही पाठीवरच्या पिशवीत टाकून स्पेनमधल्या आस्तोर्गाहून सांतियागोच्या यात्रेच्या वाटेला लागले. पुढे सुमारे २६० किलोमीटर पायी. आमच्या मंडळीत अशी रीत नाही, “देव काय तिथेच भेटतो?” असं निघताना ऐकूनही घेतलं. तिथेच भेटत नाही, मान्य. पण वर्षभर माझी प्रार्थना सुकली होती, आणि घरात बसून ती यादी वाचण्याचा धीर होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी राबानालहून अंधारातच निघाले. धुकं इतकं, की वाट दाखवणारे पिवळे बाण टॉर्च अगदी जवळ नेल्याशिवाय दिसेनात. हे बाण एलियास वालिन्या नावाच्या धर्मगुरूने १९८४ मध्ये रंगवायला घेतले. त्यांचे आभार मानत, यादीतली एकेक ओळ पुटपुटत चढत राहिले. यरुशलेमला चढून जाणारे लोक बायबलमधली १२० ते १३४ ही स्तोत्रं गात, असं म्हणतात. त्यातलं १२४वं मला फार खरं वाटतं: परमेश्वर आमच्या बाजूने नसता तर पाण्याने आम्हांला बुडवलं असतं. गाणाऱ्यांच्या नाकातोंडात पाणी गेलेलं आहे, हे त्यातून कळतं.

यादीत एका ठिकाणी नुसती तारीख आहे. पुढे काही नाही. माझा धाकटा भाऊ तीन दिवसांचा होऊन गेला, ती ही तारीख. त्यानंतरची नोंद थेट दोन महिन्यांनी: ‘आज गीत म्हटलं.’

फोन्सेबादोनच्या पुढे, सुमारे १५०० मीटर उंचीवर, क्रूझ दे फेर्रो लागतो. उंच लाकडी खांब, टोकाला लहानसा लोखंडी क्रूस, पायथ्याशी दगडांचा ढीग. लोक घरून दगड आणून इथे ठेवतात. खरं सांगायचं तर पहिल्यांदा पाहून मन खट्टू झालं. दगडांत रिबिनी, फोटो, चिठ्ठ्या, नुसता पसारा.

मीही दगड आणला होता. तो हातात धरल्यावर शमुवेल संदेष्ट्याने विजयानंतर उभा केलेला धोंडा आठवला, एबन-एजर, म्हणजे ‘साहाय्याचा धोंडा’. ‘येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले.’ हे वचन मी बहुतेक वेळा उपकारस्तुतीच्या सभांत ऐकलंय. कुणाला बढती मिळाली, कुणाचं घर झालं. पण १ शमुवेलात हे नाव आधी ४थ्या अध्यायात येतं. एबन-एजरापाशी तळ देऊन इस्राएल लढतं, सपशेल हरतं आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, शत्रूच्या हाती जातो. कोश परत येतो, तरी २० वर्षं लोक परमेश्वरासाठी विलापच करत राहतात. मग ७व्या अध्यायात विजय, आणि त्या धोंड्याला शमुवेल देतो तेच नाव. दोन्ही जागा एकच होत्या का, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. मला एवढंच दिसलं, की पराभवाचं नाव त्याने टाकून दिलं नाही. आईनेही ती तारीख गाळली नव्हती.

दगड ठेवला. शेजारी एक तरुण मुलगा बूट काढून पायाचे फोड बघत बसला होता. “तुमचा दगड कशाचा?” त्याने विचारलं. यार्देन नदीतून काढलेल्या १२ धोंड्यांबद्दल इस्राएलाचा पुढारी यहोशवा याने हेच सांगून ठेवलं होतं: पुढे मुलं विचारतील, हे धोंडे कशाचे? मी वही उघडून दिली. मराठी अक्षरं त्याला काय कळणार! तरी पान न्याहाळत त्याने नेमकं कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “इथे लिहायचं राहिलंय?”

“नाही,” म्हटलं, आणि त्याच्याजवळ बसून भावाचं सांगितलं. इतक्या वर्षांत परक्या माणसाला पहिल्यांदाच. तो काही बोलला नाही. बूट मात्र बराच वेळ हातातच राहिला.

पुढचा मोलिनासेकापर्यंतचा उतार चढापेक्षा वाईट. संध्याकाळी वहीत तारीख घातली आणि लिहिलं: ‘गुडघा सुजला. पोचले.’