आफ्रिकेतच कशाला गेलीस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आफ्रिकेतल्या मलावी देशात नर्सचं काम करून परत आल्यापासून हा प्रश्न मला कुठेही गाठतो: ड्युटीवर, लग्नाच्या पंगतीत, रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर. 'आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवर गरज काय कमी आहे, की तू उठून आफ्रिकेतच गेलीस?' त्याच्यामागून, आवाज जरा खाली आणून, दुसरा येतो: 'धर्मप्रचाराला गेली होतीस का गं?' आणि आमच्या तरुण संघातली मुलं तिसराच विचारतात: 'ताई, तुला पाचारण झालं, देवाने बोलावलं, म्हणजे नेमकं काय झालं?'

मी नाशिकची, शरणपूरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या परिवारात, वाढलेली. शरणपूर रोड सगळ्या नाशिककरांना ठाऊक आहे, दुकानांमुळे आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमुळे. पण हे शरणपूर 1850च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं आणि तिथे आफ्रिकन मुलं राहत होती, हे सांगितलं की ऐकणारा थबकतोच. गुलामांची ने-आण करणारी गलबतं ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात पकडायचं. सुटलेली मुलं मुंबई बंदरात उतरवली जायची, आणि त्यातल्या कित्येकांची रवानगी नाशिकला व्हायची. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, इथल्याच हवेत मोठी झाली. 1866 साली डेव्हिड लिव्हिंगस्टन, आफ्रिका धुंडाळणारा स्कॉटिश मिशनरी, आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा शरणपूरची काही मुलं त्याच्यासोबत होती. 1873च्या मे महिन्यात तो आजच्या झांबियात वारला, तेव्हा जवळ असलेल्यांत जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला तरुण होता. लिव्हिंगस्टनचं हृदय झाडाखाली पुरलं तेव्हाची प्रार्थना त्याने वाचली, खोडावर नाव त्याने कोरलं. मग ही सगळी माणसं ते शव पायी वाहत समुद्रापर्यंत घेऊन गेली. त्यांच्यात चुमा होता. तो याओ, म्हणजे आजच्या मलावीतल्या अवाढव्य मलावी तळ्याकडच्या लोकांपैकी. लहानपणी गुलामांच्या तांड्यातून सुटलेला. 1864 साली लिव्हिंगस्टनने त्याला मुंबईत आणून डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं होतं.

आणि एवढ्यावर हे संपत नाही. ज्या विल्यम प्राइस यांनी शरणपूर चालवलं, तेच पुढे आजच्या केनियातल्या मोंबासाला गेले आणि 1875 साली त्यांनी सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रियर टाऊन उभं केलं. तिथले शिक्षक, कारागीर, उपदेशक यांत नाशिकहून गेलेली माणसं होती. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

हे सगळं मला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, आणि ते डोक्यातून गेलंच नाही. ज्या आवारात मी संडे स्कूलला जायचे, त्या भागातून माणसं निघून थेट आफ्रिकेच्या पोटात गेली होती. तेव्हा 'एवढ्या लांब' हे शब्द मला पटत नाहीत. आमच्या मंडळीच्या इतिहासात ती वाट आधीपासून आहे. मी तिच्यावर फार उशिरा चालले, एवढंच.

आता पाचारणाबद्दल. स्वप्न पडलं नाही, आवाज ऐकू आला नाही. मलावीच्या दक्षिणेला मंगोची जिल्ह्यात, तळ्याकाठी, एक छोटं चर्चचं हॉस्पिटल आहे. तिथे नर्स हव्यात, असं ओळखीतून कळलं. मुलांच्या वॉर्डात काम करून माझा हात बसलेला होता. घरावर कर्ज नव्हतं. मी प्रार्थना करत राहिले की प्रभूने काहीतरी खूण द्यावी. खूण येईना. पाळकसाहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, 'हाताला काम येतंय, तब्येत धडधाकट आहे, आईवडील हो म्हणतायत. अजून कसली खूण पाहिजे तुला?' तरुण संघातल्या मुलांनो, माझं पाचारण एवढंच होतं. गरज कानावर आली, ती भागवायचं कौशल्य अंगात होतं, आणि नाही म्हणायला सबळ कारण सापडेना. मला वाटतं बहुतेकांचं पाचारण असंच असतं. पण आपण वीज चमकायची वाट बघत बसतो.

धर्मप्रचाराचं म्हणाल, तर मलावीत दहातली साधारण आठ माणसं ख्रिस्ती आहेत. आपल्या महाराष्ट्रात शंभरात एकही नाही. स्कॉटिश मिशनऱ्यांनी 1875 मध्ये तळ्याकाठी पहिलं ठाणं वसवलं, आणि त्यानंतर तिथली मंडळी आपल्या पायावर केव्हाच उभी राहिली. त्यांना ख्रिस्त सांगायला नाशिकहून कुणी जायची गरज नाही. मी होते तो मंगोची जिल्हा मात्र वेगळा, तिथे मुसलमान बहुसंख्य आहेत. सकाळी हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये आम्ही कर्मचारी प्रार्थना करायचो, पेटी नाही, तबला नाही, नुसत्या चार पट्ट्यांत एकमेकांत मिसळणाऱ्या आवाजांवर. वॉर्डात मात्र कुणालाही धर्म विचारायचा नाही, हा थोरल्या सिस्टरचा, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ नर्सचा, दंडक होता. तो मला शंभर टक्के मान्य आहे. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईपुढे धर्माचा विषय काढणं म्हणजे तिच्या लाचारीचा फायदा घेणं. तसं करणाऱ्याला माझ्या प्रभूचं नाव घ्यायचा अधिकार नाही, मग तो कोणत्याही देशातला असो.

मी गेले तेव्हा 2022चा पाऊस तोंडावर होता. नोव्हेंबर-डिसेंबरात मक्याची पेरणी आणि एप्रिल-मेमध्ये कापणी. मधले महिने, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारी, कोठारं रिकामी असतात. न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, हे तिथलं रोजचं जेवण. सोबत पालेभाजी किंवा उसिपा, आपल्या सुकटीसारखी तळ्यातली बारीक सुकी मासळी. भुकेच्या महिन्यांत तोच गोळा दिवसातून एकदाच होतो. त्याच महिन्यांत मलेरिया चढतो, आणि त्या वर्षी त्यात कॉलरा आला. मलावीच्या नोंदींत एवढी मोठी कॉलऱ्याची साथ आधी नव्हती. जवळजवळ 59 हजार रुग्ण आणि सतराशेहून जास्त मृत्यू. मंगोचीला तिचा मोठा तडाखा बसला. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळ येऊन दक्षिणेतली गावंच्या गावं वाहून गेली, ते वेगळंच.

हॉस्पिटलच्या मागच्या मैदानात तंबू उभे राहिले. आत मधोमध भोक असलेल्या खाटा, खाली बादल्या, दाराशी क्लोरीनच्या पाण्याचे ड्रम. आत जाताना हात धुवा, बाहेर येताना हात धुवा, बुटांचे तळवे फवारून घ्या. एका रात्री एका बाईला सायकलवरून आणलं. पडू नये म्हणून तिला चितेंजेने, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या रंगीत कापडाने, सायकलवाल्याच्या पाठीशी बांधली होती. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती, मनगटाला नाडी लागत नव्हती. मी मोबाइलचा टॉर्च धरला आणि थोरल्या सिस्टरने कोपराशी शीर शोधली. मग दुसऱ्या हाताला मी. दोन्हीकडून रिंगर लॅक्टेट, म्हणजे एक प्रकारचं सलाईन, पिशव्या हाताने दाबत. हिशेब ठरलेला असतो: पहिल्या अर्ध्या तासात किलोमागे 30 मिली, पुढच्या अडीच तासांत किलोमागे 70. पन्नास किलोच्या बाईला तीन तासांत पाच लिटर. इतकं सलाईन एका माणसाला जाताना मी नाशिकला कधी बघितलं नव्हतं.

तंबूच्या तोंडाशी तिची सासू बसली होती, हातात तसबीह, मुसलमानांची जपमाळ. तिचे ओठ हलत होते, माझेही हलत होते. मध्येच तिने सिस्टरला काहीतरी विचारलं. 'तू काय पुटपुटतेयस, असं विचारतेय,' सिस्टर म्हणाली. मी म्हटलं, 'सांगा त्यांना, हिला वाचव म्हणून मी येशूला सांगतेय.' म्हातारीने मान हलवली आणि पुढचा मणी ओढला. पहाटे त्या बाईने स्वतःहून पाणी मागितलं. कॉलऱ्यात माणूस डोळ्यांदेखत सुकतो आणि वेळेत पाणी मिळालं तर डोळ्यांदेखत परत येतो. ते बघितल्यावर प्रार्थना मोठी की सलाईन मोठं, हा वाद मला उरला नाही. मी दाबत होते ती पिशवीही माझी प्रार्थनाच होती.

पण त्याच आठवड्यात एक मुलगा गेला. चारेक वर्षांचा असेल. पावसाने रस्ता तुटला होता, बाप त्याला खांद्यावर टाकून चिखलातून चालत आला, आणि आम्ही शीर शोधतोय तोवर तो संपला. कॉलऱ्याने गेलेल्या माणसाचा देह घरी नेऊन धुता येत नाही, आणि मुसलमानांत अंत्यस्नान ही फार मोठी गोष्ट. गावचे शेख आले. ते बापाशेजारी ओल्या मातीत बसले, का धुता येणार नाही ते त्याला हळूहळू समजावलं, आणि ठरवून दिलेल्या अंतरावर उभं राहून जनाज्याची नमाज पढवली. याच शेखांनी शुक्रवारी मशिदीत ओआरएस कसं बनवायचं, पाण्यात क्लोरीन किती घालायचं, हे सांगितलं होतं. ते ऐकून किती जीव वाचले असतील ते कुणी मोजलं नाही.

त्या दिवशी मला प्रार्थना करता आली नाही. 'देवाची इच्छा' हे शब्द मला तेव्हाही सहन झाले नाहीत आणि आजही होत नाहीत. त्या रस्त्यावर पूल नसणं ही देवाची इच्छा नव्हती. विहिरीत घाण जाणं ही देवाची इच्छा नव्हती. मी खोलीवर जाऊन बायबलमधलं 88वं स्तोत्र वाचलं. स्तोत्रसंहितेतली बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच थांबतं. ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी ते खोडलं नाही, याचा मला त्या रात्री आधार वाटला. माझी श्रद्धा तिथे वाढली का, असं लोक विचारतात. वाढली की नाही मला सांगता येत नाही. पण तिच्यातलं गोड गोड निघून गेलं, आणि जे उरलं त्यावर मी आता पूर्ण भार टाकून उभी राहते.

आणखी एक गोष्ट तिथेच मला उमगली. चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे शोमरोनातल्या एका परक्या माणसाचा, येशूने सांगितलेला दाखला आपण सगळ्यांनी ऐकलाय. लुटारूंनी मारून अर्धमेलं करून टाकलेल्या वाटसरूच्या जखमा त्याने बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. उपदेश नेहमी त्याच्यावरच होतो. पण दुसऱ्या दिवशी शोमरोनी निघून गेला! नंतर त्या जखमीचं अंग पुसणं, त्याला भरवणं, रात्री उठून बघणं, हे उतारशाळेवाल्याने केलं. त्याचं नाव कुणी घेत नाही. मलावीत मी शोमरोनी होते. विमानाने आले, वर्षभराहून थोडं जास्त राहिले, परत गेले. उतारशाळा चालवणारी ती थोरली सिस्टर. ती माझ्या आधी बरीच वर्षं तिथे होती आणि आजही तिथेच आहे. सायकलवर गावोगाव फिरणारे आरोग्य कर्मचारी, चुलीवर बादल्या भरून पाणी उकळणाऱ्या बायका, ते शेख, हीच सगळी उतारशाळा. म्हणून 'तू आफ्रिकेतल्या लोकांना वाचवलंस' असं कुणी म्हटलं की मी तिथल्या तिथे अडवते. ते खरं नाही, आणि ज्यांनी वाचवलं त्यांच्यावर तो अन्याय आहे.

शोमरोन्याने दोनच कामं आणखी केली. पैसे काढून दिले, आणि म्हणाला, यापेक्षा जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन.

म्हणून आता जे तरुण 'आम्हीही जाऊ का' म्हणून विचारतात, त्यांना मी स्पष्टच सांगते. अंगात तिथे उपयोगी पडेल असं कौशल्य असेल, निदान वर्षभर राहायची तयारी असेल, आणि तिथल्या लोकांनी बोलावलं असेल, तर जरूर जा. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी मिळेपर्यंत थांबावं लागेल, थांबा. मीही थांबले. त्या आठवड्यांत मी नोंदी लिहिल्या आणि 'मुली ब्वांजी', म्हणजे तिथल्या भाषेत 'कसे आहात', म्हणून समोरच्याची विचारपूस केल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, हे शिकले. पण पंधरा दिवस जाऊन भिंती रंगवायच्या आणि उघड्या पोरांबरोबर फोटो काढायचे असतील, तर तिकिटाचे पैसे तिकडे पाठवा. त्या पैशांत तिथल्या नर्सचा कित्येक महिन्यांचा पगार निघेल. आणि परवानगी न घेता कुणाच्या आजारी लेकराचा फोटो काढू नका. आपल्या लेकराचा कुणी काढला तर चालेल का?

राहिला पेठ-सुरगाण्याचा प्रश्न. तो रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मी आता तिथे जाऊन देते. पावसाळ्यात पाड्यांवर जुलाब-उलट्यांची साथ आली की आमचा तरुण संघ ओआरएस घेऊन जातो, आणि सुकलेल्या लेकराची शीर शोधायला मंगोचीत बसलेला हात तिथे उपयोगी पडतो. इथलं आणि तिथलं असं वाटून घ्यायला माझ्या श्रद्धेने मला कधी शिकवलं नाही.

थोरल्या सिस्टरला बाळंतपणं करवण्याच्या शिक्षणाचा पुढचा कोर्स करायचा आहे. फीचा काही भाग आमची मंडळी गोळा करतेय, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, वेगळ्या थैलीत. ती शिकायला गेली की वॉर्डात एक माणूस कमी पडेल. तेवढा काळ मी परत जाणार आहे, रजेचा अर्ज दिलाय.