नाडी मोजणारा पखवाजवाला

मी नाशिकमध्ये समुपदेशनाचं काम करते. हे ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांची परवानगी घेतलीय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, पण जे घडलं ते असंच घडलं.

सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत सीएनसी मशीनवर काम करणारे, वय चाळिशीच्या आतबाहेर, राहायला श्रमिकनगरच्या बाजूला, मूळ गाव सिन्नर तालुक्यातलं. गळ्यात तुळशीची माळ. पहिल्यांदा आले तेव्हा बायको सोबत होती आणि काखेत ही जाडजूड फाईल. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून त्यांची भीती काही कमी झाली नव्हती, उलट वाढलीच होती, की एवढ्या तपासण्या करूनही डॉक्टरांना सापडत नाहीये म्हणजे आतमध्ये नक्कीच काहीतरी मोठं असणार.

होत काय होतं, तर अचानक छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, घसा आवळल्यासारखा, घाम, आणि आता आपण जाणार असं पक्कं वाटणं. पॅनिक अटॅक. पहिला अटॅक नाईट शिफ्टला मशीनवरच आला. त्याच्या काही आठवडे आधी त्यांच्या लाईनवरचा, त्यांच्याच वयाचा एक सहकारी ड्युटीवर कोसळला होता आणि गेला होता, हार्ट अटॅकने. तेव्हापासून हे दादा दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवून नाडी मोजायचे. जेवताना, बसमध्ये, माझ्यासमोर बसल्यावरसुद्धा. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, तेव्हा मला कळायचं की मोजणं चालू झालंय. शर्टाच्या खिशात हार्ट अटॅकसाठी जिभेखाली ठेवायची गोळी कायम. ती त्यांना कोणत्याच डॉक्टरांनी लिहून दिलेली नव्हती, कुणाकडून तरी मागून घेतली होती.

पहिल्या भेटीत मी सहसा आजाराबद्दल कमी आणि दिवसाबद्दल जास्त विचारते. उठता कधी, झोपता कुठे, घरात कोण कोण, चहा किती, पगाराच्या दिवशी काय होतं, देवाचं काय करता, भांडण झालं की कोण कुणाशी आधी बोलतं. यात वेळ जातो आणि काहींना वाटतं मॅडम नुसत्या गप्पा मारतायत. पण जॉर्ज एंगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९७७ साली जे मांडलं, की आजार शरीर, मन आणि आजूबाजूची माणसं-परिस्थिती या तिन्हीत मिळून घडतो, ते मला रोज समोर दिसतं. या दादांच्या दिवसात काय निघालं, तर दर आठवड्याला शिफ्ट बदलते, फर्स्ट, सेकंड, नाईट. नाईटला झोप येऊ नये म्हणून रात्रभर कॅन्टीनचा चहा, तोही बहुतेक वेळा रिकाम्या पोटी. घर पत्र्याचं, त्यामुळे दिवसा झोपायचं म्हटलं की भट्टी, आणि दोन मुलं शाळेतून आली की त्यांना गप्प बसवता बसवता बायको रडकुंडीला. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणजे पहाटे चारला घेतलेला चहा सकाळी नऊला अंथरुणात त्यांच्यासोबतच. अशा शरीरात धडधड व्हायला वेगळं कारण शोधायची गरजच नव्हती.

फिजिशियनशी बोलून थायरॉईड आणि व्हिटॅमिन बी ट्वेल्व्ह तपासून घेतलं, कारण थायरॉईड वाढला की अगदी अशीच धडधड होते. थायरॉईड ठीक निघाला, बी ट्वेल्व्ह मात्र चांगलंच कमी होतं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. सायकियाट्रिस्टकडेही पाठवलं, औषध लिहून देणं हे माझं काम नाही. त्यांनी गोळी सुरू केली आणि नीट समजावलं की हिचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे जातात, मध्येच सोडू नका. घरच्यांनी मधल्या काळात गावाकडे एका देवऋषालाही दाखवलं होतं, बाहेरचं काही आहे का म्हणून. मी त्यावर काही बोलले नाही. घाबरलेलं घर सगळीकडे धावतं, तिथे त्यांना लाजवून आपल्याला काहीच मिळत नाही.

मोबाईलवर बघून त्यांनी मेडिटेशनही केलं होतं. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या वगैरे. त्याने त्यांना जास्त त्रास झाला, कारण डोळे मिटले की त्यांना श्वास नाही, ठोकेच ऐकू यायचे! हे बऱ्याच पॅनिकच्या क्लायंटचं होतं आणि तरीही सरसकट सगळ्यांना हेच सांगितलं जातं, याचा मला खरंच राग येतो.

आता तो गुरुवार. फर्स्ट शिफ्ट करून दुपारी ते थेट आले, ताई, म्हणजे त्यांची बायको, पण सोबत. आम्ही आधी ठरवलं होतं की आज जिना चढायचा. म्हणजे मुद्दाम धावत चढायचं, ठोके वाढवायचे आणि वाढलेल्या ठोक्यांसोबत थांबायचं. पॅनिकमध्ये माणूस धडधडीला घाबरतो, घाबरल्यामुळे श्वास भराभर घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, मग मुंग्या आणि चक्कर येते, आणि त्या मुंग्यांना तो अजून घाबरतो. हे चक्र नुसतं समजावून मोडत नाही, शरीराला अनुभव द्यावा लागतो की धडधड झाली आणि काहीही झालं नाही. हृदय ठणठणीत आहे असं डॉक्टरांनी सांगितलेलं असेल तरच हे करायचं, आणि आमच्याकडे तर अख्खी फाईल होती.

चढलो. मी पण सोबत चढले. खाली येऊन ते खुर्चीत बसले आणि सुरू झालं. चेहरा पांढरा, बोटं मनगटावर, दुसरा हात खिशाकडे. ताई उठून उभ्या राहिल्या. "मॅडम, सुरू झालं बघा, यावेळी नाही उतरायचं हे."

मला पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलेलं आठवलं, की गावाकडे हरिपाठाला ते पखवाज वाजवायचे, वडिलांकडून शिकलेले. आता का नाही विचारलं तर म्हणाले होते शिफ्टमुळे जमत नाही. मी म्हटलं, "दादा, मोजतायच ना, मग वादकासारखं मोजा. भजनी ठेका. आठ मात्रा. टेबलावर."

आधी काहीच नाही. मग डाव्या हाताची थाप पडली. मग उजवा हात आला. सुरुवातीला लय इतकी पळत होती की मात्रा एकमेकांवर चढत होत्या, ठोक्यांच्याच वेगाने वाजवत होते ते. मग कुठेतरी त्यांच्या कानालाच ते खटकलं असावं, मान हलली, आणि त्यांनी स्वतःच लय खाली आणली. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि मग उतरतोच, हे मी त्यांना कितीदा सांगितलं होतं, पण त्या दिवशी ते त्यांनी वाजवत वाजवत बघितलं. खिशातली गोळी खिशातच.

"उतरलं मॅडम. गोळी न घेता उतरलं."

आणि मग रडायला लागले. बराच वेळ. ताईंनी पाणी पुढे केलं तर ते घेतलं नाही आणि बोलायला लागले. तो सहकारी गेला त्या रात्री नाईट खरंतर यांची यायची शक्यता होती. त्याला बरं वाटत नव्हतं म्हणून त्याने शिफ्ट बदलून मागितली होती आणि हे नाही म्हणाले होते, कारण गावात सप्ताह होता आणि यांना पखवाजाला बसायचं होतं. रात्रभर कीर्तनाला वाजवलं आणि सकाळी फोन आला. तेव्हापासून पखवाजाला कणीक लावलेली नाही, म्हणजे तो वाजवलेलाच नाही. शिफ्टचं कारण खोटं होतं. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ताई फक्त एवढंच म्हणाल्या, "एवढं एकट्यानी धरून ठेवलंत?"

मी त्यांना लगेच 'तुमची चूक नाही' असं म्हटलं नाही. असं पटकन म्हटलं की समोरचा गप्प होतो, त्याला वाटतं हिला कळलंच नाही. त्यांना त्या रात्री काय माहीत होतं आणि काय माहीत असणं शक्यच नव्हतं, हे आम्ही पुढच्या कितीतरी भेटींत सावकाश वेगळं केलं. मध्ये एकदा ते आणि ताई सिडकोत त्या सहकाऱ्याच्या घरी जाऊन आले, त्याच्या बायकोला भेटले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं, पण ते इथे लिहिणार नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. टेबल वाजवून अटॅक उतरला म्हणून आता हाच उपाय, असं करून चालत नाही. नाहीतर खिशातल्या गोळीची जागा ठेका घेतो आणि भीती तिथेच राहते. म्हणून नंतर जिना आम्ही परत परत चढलो, हात मांडीवर स्थिर ठेवून, काही न मोजता. ते जास्त अवघड गेलं त्यांना.

बाकी बदल अगदी साधे होते आणि त्यातले निम्मे ताईंनी केले. खिडकीला जाड काळं कापड, पत्र्याखाली थर्माकोल, मध्यरात्रीनंतर चहा बंद, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याचा लाडू. मुलांना शेजारच्या काकूंकडे दुपारी दोन तास. सुपरवायझरने काही आठवडे नाईट बदलून दिली. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबककडे जाणाऱ्या दिंड्या सातपूरवरून जातात, त्यातल्या गावच्या दिंडीत ते वाजवत गेले, घरून निघताना छाती धडधडतच होती तरी गेले.

आता नाईटचा आठवडा आला की अजूनही कधीतरी त्रास होतो. गोळी खिशात नसते, मनगटाला बोटं मात्र अधूनमधून जातात. औषध कमी करायचं की नाही ते सायकियाट्रिस्ट ठरवतील, माझ्याकडे सध्या आमचं काम दिवसाच्या झोपेवर चालू आहे. कुणाला असंच होत असेल आणि समुपदेशक परवडत नसेल किंवा जवळपास नसेल, तर सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढा.