स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी जुना सोनेरी रंग मिळवताना

गेल्या वर्षी आमच्या गावच्या वाचनालयाच्या शताब्दीची स्मरणिका काढायचे ठरले आणि मुखपृष्ठाचे काम माझ्याकडे आले. कार्यकारी मंडळाची अपेक्षा एवढीच होती की रंग सोनेरी असावा, पण लग्नपत्रिकेसारखा झगमगता नसावा. नमुना म्हणून ग्रंथपालबाईंनी कापडी बांधणीचा एक जुना खंड कपाटातून काढून माझ्या हातात दिला. त्याच्या कण्यावरची सोनेरी अक्षरे समोरून पाहिली तर जवळजवळ तपकिरी दिसत होती. पण खंड खिडकीकडे थोडा कलता केला की त्याच अक्षरांच्या कडांवरून उजेडाची एक बारीक रेघ सरकत जात होती. मला छापून हवा होता तो हा रंग.

इंग्रजीत या छटेला ‘ओल्ड गोल्ड’ म्हणतात आणि संगणकासाठी तिचे आकडेही ठरलेले आहेत: लाल 207, हिरवा 181, निळा 59. ते भरून मी मुखपृष्ठ तयार केले. पडद्यावर ते बरे दिसले, मात्र चार रंगांतले पहिले प्रूफ हाती आले तेव्हा सगळे पान पिठल्याच्या रंगाचे झालेले होते. चूक छापखान्याची नव्हती. नेहमीच्या छपाईत हा रंग पिवळी शाई, थोडी किरमिजी आणि थोडी काळी यांच्या ठिपक्यांतून जुळवला जातो, आणि त्यातून फार तर मळकट पिवळा मिळतो. सोन्याचा धातू प्रकाशातला निळा भाग शोषून उरलेला आरशासारखा परत पाठवतो, म्हणून पाहणारा हलला की सोनेही बदलते. शाईचे ठिपके कोणत्याही कोनातून तेवढेच पिवळे राहतात.

त्या प्रूफानंतर मी पंधरा दिवस काम थांबवले आणि आधी हा रंग नीट समजून घेतला. आपल्या भाषेनेच पुष्कळ काही सांगितले. सोन्याचा आभास देणाऱ्या पातळ चमकत्या पत्र्याला आपण बेगड म्हणतो आणि त्यावरूनच ‘बेगडी’ हा शब्द आला आहे. म्हणजे नुसत्या चकाकीवर मराठी माणसाचा विश्वास फार पूर्वीपासून नाही. हरताळ हे गंधक आणि सोमल यांचे सोनपिवळे, विषारी खनिज. त्याचे लॅटिन नाव ‘सोन्याचे रंगद्रव्य’ अशा अर्थाचे आहे. आपल्याकडे पोथीत चुकलेल्या अक्षरांवर ते फासत असत, आणि ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथून रूढ झाला. ज्या रंगाने युरोपात सोन्याची जागा घेतली, त्याच रंगाने आपल्याकडे मजकूर पुसला, हे वाचून मी बराच वेळ विचार करत राहिले.

जुने सोनेरी काम मंद का दिसते, याचेही उत्तर मिळाले. अस्सल सोने हवेने काळवंडत नाही. काळवंडते ते त्याच्या खालचे किंवा त्याच्यात मिसळलेले. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि सोन्याचा नुसता मुलामा असतो. तो झिजला की चांदीवर हवेतल्या गंधकाचा परिणाम होऊन पैठणीचा पदर सावळा पडतो. पितळेच्या वर्खात तांबे असते, म्हणून तो तपकिरी होतो. इटलीतील रावेन्ना येथे 547 साली पूर्ण झालेल्या सान व्हिताले या चर्चमधल्या भिंतीचित्रांत काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख ठेवलेले तुकडे आहेत. असे तुकडे बसवताना कारागीर ते किंचित तिरके ठेवत, म्हणजे उजेड प्रत्येक तुकड्यावरून वेगळा परतत असे. सोनेरी रंग आकड्यांत सापडत नाही, तो पृष्ठभाग आणि उजेड यांच्यात घडतो, हे माझ्या मनात पक्के झाले ते इथे.

मग मी छापखान्यात जाऊन पाचवा रंग मागितला. पँटोन या रंगांना क्रमांक देणाऱ्या कंपनीच्या शेड कार्डावर 871 ते 876 या धातूच्या शाया आहेत. क्रमांक वाढत जातो तसा रंग सोन्याकडून तांब्याकडे सरकतो. या शाईत पितळेची सूक्ष्म पापुद्र्यांसारखी भुकटी असते. जस्त जास्त असेल तर झाक हिरवट येते, तांबे जास्त असेल तर तांबूस. आम्ही 871 घेतला. पहिला नमुना मला आवडणाऱ्या खरखरीत, बिनलेपाच्या कागदावर काढला आणि तो फसला, कारण तंतूंमध्ये शाई मुरली, भुकटी आडवीतिडवी बसली आणि चमक पार गेली. लेप दिलेल्या जाड आर्ट कार्डावर तीच शाई जिवंत झाली. मात्र वाळल्यावरही अंगठा फिरवला की बोटाला सोनेरी भुकटी लागत होती, म्हणून वरून वार्निश द्यावे लागले. मॅट लॅमिनेशनने झाक आणखी दबत होती, ते मी नाकारले.

पार्श्वभूमीचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. मंडळाला पांढरे मुखपृष्ठ हवे होते. पण या छटेची पांढऱ्याशी उजळपणातली तफावत जेमतेम 2 ला 1 भरते, काळ्याशी ती 10 ला 1 होते, आणि पडद्यावरच्या वाचनीय मजकुरासाठी सर्वमान्य किमान प्रमाण 4.5 ला 1 आहे. युरोपातील राजचिन्हांच्या शास्त्रात सोनेरी आणि रुपेरी (म्हणजेच पांढरा) हे दोन्ही ‘धातू’ मानले जातात आणि धातूवर धातू ठेवू नये असा नियम आहे. दुरून ढालीवरचे चिन्ह ओळखता यावे म्हणून केलेला तो नियम आजही तितकाच खरा आहे. काळपट हिरवी जमीन आणि तिच्यावर सोनेरी अक्षरे, हे मी मंडळाला दोन नमुने समोरासमोर धरून पटवले. त्यातही देवनागरीने परीक्षा घेतली. भुकटीची शाई बारीक अक्षरांत भरते, त्यामुळे ‘शताब्दी’तल्या जोडाक्षराची पोकळी बुजली आणि खालच्या ओळीतले अनुस्वार फुगले. शीर्षक मोठे केले, खालची ओळ कागदाच्या पांढऱ्या रंगातच सोडली आणि सोनेरी शाई फक्त शीर्षक व चौकटीच्या रेघेपुरती ठेवली.

छपाईच्या दिवशी मशीनवरच्या कारागिरांनी पहिला तक्ता ट्यूबलाइटखाली दाखवला, तेव्हा तो मला फिका वाटला. मी तो अंगणात नेला. उन्हात रंग ठीक होता, आणि शाई वाढवू नका असे मी सांगितले.

प्रती वाचनालयात आल्या, तेव्हा ग्रंथपालबाईंनी तो जुना खंड पुन्हा काढला आणि स्मरणिका त्याच्या शेजारी धरली. दोन्हींचा रंग एक नव्हता. जुन्या अक्षरांत तांबूस झाक होती, आमच्या शीर्षकात किंचित हिरवट. मग त्यांनी दोन्ही पुस्तके खिडकीकडे कलती केली, आणि दोन्हींवरून ती बारीक रेघ एकाच वेळी सरकत गेली.